तरतरी, टवटवी आणि टीचर

उजव्या हाताचा तळवा समोर धरायचा, चौकातला ट्रॅफिक पोलीस धरतो तसा, मान जरा वळवायची आणि म्हणायचं, "मला सांगू नका हं." टीचर म्हटलं की मला आधी हा तळवा दिसतो. तुम्ही नुसतं "आज काय उकडतंय" असं म्हणायला गेलात तरी तो वर यायचा. बोलणं खरोखरच उकाड्याबद्दल आहे अशी खात्री पटली की हळूहळू खाली जायचा. मग त्या म्हणायच्या, "हो, उकडतंय खरं."

तळव्याचं कारण कळायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली बॉक्स बनवायचे, शेजारी बटणं, आणि आमच्याकडे भाषांतरं. साबण, टूथपेस्ट, चहा, पावडरी, पेन बाम अशा वस्तूंवर जो मजकूर असतो, तो दिल्लीकडून इंग्रजीत यायचा. मी त्याचं मराठी करायचो. आता ज्या कंपनीचा साबण, तिला मराठी येत नाही. मी साबणाबद्दल काय लिहून ठेवलंय हे तिला कळणार कसं? म्हणून माझं मराठी टीचरकडे जायचं आणि त्या त्याचं परत इंग्रजी करायच्या. ह्याला उलट भाषांतर म्हणतात. मग गुरगावच्या एका ऑफिसात कोणीतरी मुलगी मूळ इंग्रजी आणि परत आलेलं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून बघायची. जुळलं तर पास. नाही जुळलं तर तांबडी खूण.

ह्यात एकच मोठा नियम असतो. उलट भाषांतर करणाऱ्याला मूळ मजकूर कळता कामा नये. तो बघायचा नाही, ऐकायचा नाही, आणि मराठी करणाऱ्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. जगभर असे नियम माणसं आपापल्या सोयीने पाळतात. टीचरनी तो व्रतासारखा धरला होता.

त्या वाकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, म्हणून ऑफिसभर "टीचर". गाळ्यात आमच्या दोघांच्या मध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं. मी पलीकडे एखादं वाक्य मोठ्याने वाचायला लागलो की त्या खोकायच्या. ऐकू येतंय, एवढं कळवण्यापुरतं. बॉस क्लायंटशी फोनवर बोलायला लागला की चष्मा काढून गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. आम्ही एक वाजता डबे उघडायचो, तर त्या साडेबारालाच जेवून घ्यायच्या. जेवताना माणूस काहीही बोलून जातो, असं त्यांचं म्हणणं. हायवेवरून रिक्षाने येताना त्या मान खाली घालून बसायच्या, का तर आमच्या एखाद्या साबणाचं इंग्रजी होर्डिंग डोळ्यांत जायला नको. हे मला त्यांच्याबरोबर एकदा रिक्षात बसलो तेव्हा कळलं. मी म्हटलं, "टीचर, चक्कर येतेय का?" तर म्हणाल्या, "नाही हो. सिग्नल गेला की सांगा."

खाण्याच्या पदार्थांना मात्र नियम लागू नव्हता. त्या मूळच्या मालवणकडच्या. महिन्यातून एकदोनदा पार्टिशनवरून एक स्टीलची ताटली हळूच अलीकडे यायची. घावन, नाहीतर खोबऱ्याची वडी. ताटली धरणारी बोटं तेवढी दिसायची. मी "वा टीचर, झकास!" म्हणायचो आणि पलीकडून नुसतं "हूं" यायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादा नियम इतका अंगाला लावून घेतात, की आपल्याला आधी हसू येतं, मग थोडा राग येतो, आणि शेवटी आपण त्यांच्या वाटेला जाणंच सोडून देतो. आम्हीही तेच केलं.

आता त्या शब्दाबद्दल. आमच्या धंद्यात एक इंग्रजी शब्द रोज उठून दारात उभा असतो. रिफ्रेशिंग. साबण रिफ्रेशिंग, चहा रिफ्रेशिंग, पावडर रिफ्रेशिंग, च्युइंगगम रिफ्रेशिंग. एकदा मुलुंडच्या एका टॉवरमधल्या फ्लॅटची खिडकीसुद्धा रिफ्रेशिंग होती. सगळे भाषांतरवाले ह्याला डोळे मिटून "ताजेतवाने" करतात. मला त्या शब्दाचा मनापासून कंटाळा. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा स्वतःच्या मराठीची भयंकर घमेंड होती. एवढी श्रीमंत भाषा आणि साबणाला आणि चहाला एकच शब्द? मी चहाला लिहिलं "तरतरी". साबणाला "टवटवी". पावडरीला "गारवा". सकाळच्या कसल्याशा पेयाला "उभारी". फ्लॅटच्या खिडकीला "प्रसन्न". आणि गुरगावहून तांबडी खूण येणार म्हणून धाकधुकीत बसून राहिलो.

खूण आली नाही. कधीच आली नाही. टीचरकडून परत येताना तरतरीही रिफ्रेशिंग होऊन यायची आणि टवटवीही. गारवा रिफ्रेशिंग, उभारी रिफ्रेशिंग. मी चढून बसलो. एका लिंबू सरबताला मुद्दाम खोडी काढायची म्हणून लिहिलं, "एक घोट, आणि जिवात जीव!" म्हटलं, आता बघू. परत आलं, एक घोट, खरोखर रिफ्रेशिंग. हे "खरोखर" त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. मी पार्टिशनवरून डोकावलो. टीचर चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढचा कागद वाचत होत्या.

ह्यातून मी काय अनुमान काढावं? की टीचरना इंग्रजी जेमतेम येतं. तसं मी ऑफिसात बोलूनही दाखवलं. "टीचरच्या डिक्शनरीत एकच पान आहे रे," मी म्हणायचो आणि सगळे हसायचे. पार्टिशन प्लायवुडचं होतं, हे माझ्या लक्षात असायला हवं होतं.

मध्येच एकदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दहा दिवस उलट भाषांतराचं काम बाहेर गेलं, पुण्याच्या एका गृहस्थांकडे. गृहस्थ विद्वान होते. त्यांनी माझ्या "तरतरी"चं जे इंग्रजी केलं त्याचा अर्थ व्हायचा सावध चपळपणा. "टवटवीत चेहरा"चं झालं न कोमेजलेला चेहरा. गुरगावहून तांबड्या खुणांचा सडा पडला. वर साबणवाल्यांच्या वकिलाचं पत्र, की आमच्या साबणाने चेहरा कोमेजत नाही असा दावा आम्ही कधीही केलेला नाही. बॉस माझ्यावर पिसाळला. "अरे यार, तू लिहितोस काय? ताजेतवाने लिही ना सीधा! कशाला डोकं लावतो?" मी दहा दिवस निमूटपणे ताजेतवाने लिहिलं. अकराव्या दिवशी टीचर काळा चष्मा लावून हजर झाल्या आणि माझी तरतरी पुन्हा सुरळीत चालू झाली. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. घमेंडी माणसाला उजेड पडायला वेळ लागतो.

लॉकडाऊननंतर बॉसने अर्धा गाळा सोडला. पार्टिशन काढून भंगारात दिलं. टीचरना सांगितलं, आता घरूनच करा. मी आठवड्यातले तीन दिवस जायचो, बाकी मुलुंडच्या घरून काम. टीचरकडून फाइल यायची आणि बरोबर एक ओळ, "काम झाले आहे." ना नमस्कार, ना खाली नाव. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. त्याचं फार काही वाटलंही नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मग ती प्रश्नावली आली. साबण नाही, चहा नाही, दवाखान्याचं काम. दीर्घ आजारातल्या माणसांना भूक कशी, झोप कशी, मन लागतं का, हे डॉक्टरांनी विचारायचे पंधरा प्रश्न. नववा प्रश्न असा, की गेल्या आठवड्यात सकाळी उठल्यावर तुम्हाला रिफ्रेश्ड वाटलं का? माझा जुना दोस्त! मी झटकन लिहिलं, "सकाळी उठल्यावर तुम्हाला तरतरी वाटली का?" आणि फाइल टीचरकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बॉसचा फोन. "टीचरनी एक लाइन ब्लँक ठेवली आहे यार. नऊ नंबर. विसरल्या वाटतं. तू बघ ना जरा, परवा डिलिव्हरी आहे, वाट लागेल."

मी टीचरना फोन लावला. "टीचर, नऊ नंबर राहिला."

"राहिला नाही. सोडलाय."

"का हो?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "फोनवर नको. येता का?"

वर्षानुवर्षं जी बाई "सांगू नका" म्हणत आली, तिला आज काही सांगायचं होतं. मी अंधेरीहून रिक्षा केली.

वाकोल्याला त्यांची बिल्डिंग विमानतळाच्या अगदी अंगावर. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. विमान उतरायला लागलं की बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की तिथून पुढे चालू करायचं, अशी तिथली पद्धत. टीचर खूप वाळल्या होत्या. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, आणि ऑफिसात कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "बस मरे. उभो कित्याक?"

घरात खुर्ची एकच होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या. मांडीवर माझ्या भाषांतराचा कागद.

"हे तू काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं. तुम्हीवरून तूवर त्या केव्हा आल्या ते मला कळलंच नाही.

"तरतरी. का? चांगला शब्द आहे."

"चांगला आहे. पण तो चहाचा आहे. माणूस झोपून उठतो तेव्हा त्याने चहा कुठे घेतलेला असतो?"

मी जरा गडबडलो. "मग टवटवी?"

"टवटवी दुसऱ्याला दिसते रे. आपली आपल्याला थोडीच वाटते?"

"प्रसन्न?"

"देवळात."

"उभारी?"

"ती कोणीतरी द्यावी लागते. एकट्याने झोपून येत नाही."

"मग शेवटी ताजंतवानंच ना?"

"ते साबणाचं. खाटेवर पडलेला माणूस वाचेल आणि हसेल. हसला तर बरंच म्हणा."

ज्या डिक्शनरीत एकच पान आहे असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, ती ही. मी म्हटलं, "टीचर, एवढं सगळं कळतं, तर मग इतकी वर्षं तुम्ही सगळ्याला रिफ्रेशिंग का लिहीत होतात?"

तेवढ्यात विमान आलं. ते जाईपर्यंत त्या कागदाची घडी घालत बसल्या.

"मी खोटं लिहीत होते," त्या म्हणाल्या. "तरतरीला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. टवटवीलाही आहे. मला काय माहीत नव्हते? पण ते लिहिले असते तर तुला तांबडी खूण आली असती. आणि दुसऱ्या दिवसापासून तू ताजेतवाने लिहून मोकळा झाला असतास. सगळे तेच करतात."

"पण मूळ तर तुम्ही कधी बघितलं नाहीत. तिथे रिफ्रेशिंगच असणार हे तुम्हाला कसं कळायचं?"

"साबणाला दुसरं काय म्हणायचं असतं रे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हे गेले त्याला पंधरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "जुने शेजारी एकेक करून विरार-बदलापूरला गेले. आता खाली वॉचमनशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, बँकेत तर मशीनशी. मराठी कोण बोलतं माझ्याशी? दिवसातून एकदा तुझा कागद यायचा. आज पोराने काय लिहिलंय बघू, म्हणून मी वाचायला घ्यायची. जिवात जीव लिहिलं होतंस ना एकदा? तो कागद मी घरी आणला. नियमात बसत नाही, तरी आणला."

माणसाची वर्षानुवर्षं कोणी इतकी काळजी घेतलेली असावी आणि त्याला पत्ता नसावा, ह्याची लाज कशी वाटते ते मला तेव्हा कळलं. ज्या बाई होर्डिंग दिसू नये म्हणून रिक्षात मान खाली घालायच्या, त्या रोज माझ्यासाठी खोटं लिहीत होत्या.

"मग ह्या वेळी का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"साबणाला खोटं चालतं. हे कोणीतरी आजारी माणूस भरणार आहे. मी रिफ्रेश्ड लिहिलं असतं तर तुझं तरतरी छापलं गेलं असतं. त्या बिचाऱ्याला कळलं पाहिजे ना आपल्याला काय विचारतायत ते." मग म्हणाल्या, "झोप पुरी झाल्यासारखी वाटली का, असं विचार. एवढंच. माझी आई असंच विचारायची."

मी ते लिहून घेतलं. त्याहून चांगलं वाक्य मला आयुष्यात सुचलं नसतं, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही, रागाने म्हणतो. स्वतःच्याच.

निघताना त्या दारात म्हणाल्या, "आता मी ह्या कामातून बाद. तुझ्याशी मजकुराबद्दल बोलले मी. साहेबांना सांग."

"कोणाला कळणार आहे टीचर? राहू दे ना."

"सांग म्हटलं ना. नाहीतर मी सांगेन."

मी सांगितलं. बॉसने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छोड ना. तसंही मी विचार करतच होतो. उलट भाषांतर आता सॉफ्टवेअर पाच मिनिटांत करतं. टीचरना पण आराम." बॉस वाईट माणूस नाही. त्याने टीचरना स्वतः फोन केला, शाल-नारळ पाठवला. पण त्या आठवड्यापासून त्यांच्याकडे फाइल जाणं बंद झालं, आणि त्या खोलीत माझा कागद जाणंही. मी त्यांच्याकडे गेलो नसतो, फोनवरच काहीतरी जुळवून घेतलं असतं, तर ते चालू राहिलं असतं. ह्याचा मी बराच विचार केला. विचार केला, फोन मात्र केला नाही.

प्रश्नावलीच्या कामात शेवटची एक पायरी असते. छापायच्या आधी ती पाच साध्या माणसांसमोर ठेवायची. एकेक प्रश्न वाचून दाखवायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, आणि प्रश्न नीट कळला की नाही ते आपण लिहून घ्यायचं. पाचांतलं एक माणूस साठीच्या पुढचं आणि एकटं राहणारं हवं होतं, आणि भाषांतराच्या कामात नसलेलं. माझ्या डोक्यात लगेच टीचर आल्या. आता त्या कामात नव्हत्या, म्हणजे नियमात बसत होत्या. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटेल आणि माझंही काम होईल. त्यांनी ताबडतोब हो म्हटलं. "रविवारी दुपारी ये. जेवून नको येऊस."

मी जेवूनच गेलो. उशीर झाला होता. टीचरनी इस्त्रीची साडी नेसली होती, सोलकढी आणि वडे करून ठेवले होते, आणि पलंगाशेजारी एक नवी प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्या पायाला दुकानाचं लेबल तसंच होतं. मी कौतुकाने एक वडा खाल्ला आणि कागद काढले. संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायचं होतं, ती घाई मी लपवली नाही.

"गेल्या आठवड्यात तुम्हाला नेहमीसारखी भूक लागली का? रोज, बहुतेक दिवशी, काही दिवशी, की एकदाही नाही?"

"एकदाही नाही," टीचर म्हणाल्या.

"प्रश्न कळला ना?"

"कळला. चांगला आहे."

मी लिहिलं. असे आम्ही एकेक करत गेलो. त्या शाळेतल्यासारख्या ताठ बसून उत्तरं देत होत्या. एखादा शब्द आवडला की मान हलवायच्या. नवव्या प्रश्नाला मी जरा नाटकीपणे आवाज चढवला. "सकाळी उठल्यावर झोप पुरी झाल्यासारखी वाटली का?" त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं.

"एकदाही नाही," त्या म्हणाल्या.

"कळायला सोपा आहे ना?"

"सोपा आहे."

बाराव्या प्रश्नाला, "कोणाशी बोलून बरं वाटलं का?" ह्याला, त्या थांबल्या. बाहेर विमानही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हे खरं सांगायचं, की नुसता प्रश्न कळला का ते?"

आता मी काय म्हणालो ते सांगतो. तुम्ही म्हणाल, साधं काम होतं, एवढं काय त्यात. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "दोन्ही सांगा टीचर. पण मला कामाचं तेवढं प्रश्न कळला का तेच."

"बरं," टीचर म्हणाल्या. "कळला."

"मग उत्तर काय लिहू?"

"एकदाही नाही, लिही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजचा धरला तर काही दिवशी."

"आजचा नाही धरायचा. गेला आठवडा," मी म्हटलं. नियम तसाच होता.

पंधरा प्रश्न झाले. मी सह्या घेतल्या, कागद पिशवीत घातले. त्यांनी वडे डब्यात भरून दिले. "जरा बसला असतास," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "परत येतो ना टीचर, आरामात. डबा द्यायला यायचंच आहे." आणि जिना उतरलो. रिक्षा लगेच मिळाली.

परत गेलो नाही. त्यामागे काही मोठं कारण नाही. मुलीची परीक्षा होती, मग माझं पाठीचं दुखणं, मग नुसतंच राहून गेलं. डबा घासून ओट्याच्या वर ठेवला होता, तो बघून बायको दोनदा म्हणाली, "अगो बाई, हा कोणाचा?" मी दोनदा सांगितलं, "टीचरचा. द्यायचाय."

चारेक महिन्यांनी प्रश्नावली मंजूर होऊन आली. कुठेही तांबडी खूण नाही. नवव्या प्रश्नापुढे तर गुरगावच्या मुलीने चक्क कौतुकाचा शब्द लिहिला होता. हे टीचरना सांगितलंच पाहिजे, म्हणून मी फोन लावला. पुरुषाचा आवाज आला. त्यांचा भाचा होता, डोंबिवलीचा.

"मावशी गेली हो. पंधरा दिवस झाले. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, ऑफिसातला. त्यांच्याबरोबर काम करायचो.

"अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. खात नव्हती, झोपत नव्हती म्हणे. आम्हाला कोणालाच काही बोलली नाही. बोलली असती तर आम्ही नसतो का आलो? एकाला तरी सांगायचं ना."

मी "हो ना" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन पाच माणसांच्या चाचणीची फाइल काढली. प्रश्नावलीच्या शेवटी डॉक्टरांसाठी एक पान असतं. त्याचंही मराठी मीच केलं होतं. त्यात लिहिलंय की पंधरांपैकी सहा किंवा त्याहून जास्त उत्तरं "एकदाही नाही" अशी आली, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नये आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. "एकटं सोडू नये" हे शब्द बसवताना मी बराच वेळ घेतल्याचं मला आठवतं. आधी "एकाकी ठेवू नये" लिहिलं होतं, मग खोडलं.

टीचरचा कागद चौथा होता. मी मोजायला बसलो नाही, वरून खाली नजर टाकली तरी कळत होतं. भूक, झोप, हसू, कोणाशी बोलणं, सगळीकडे तेच उत्तर, माझ्याच अक्षरात, घाईतलं. आणि प्रत्येक उत्तरासमोर शेऱ्याच्या रकान्यात, त्याच अक्षरात, पंधरा वेळा लिहिलेलं होतं: प्रश्न कळला. अडचण नाही.